खेळ विकणारे शब्द

मी कवितेचा माणूस. व्हिडिओ गेमशी माझं नातं तसं लांबचंच. पण त्यांच्या जाहिराती मी आवडीने पाहतो. मन वळवण्याच्या ज्या तीन वाटा अ‍ॅरिस्टॉटलने सांगितल्या, त्या तिथे उघड्यावर दिसतात: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. त्याच्या त्या ग्रंथावर बाराव्या शतकात कॉर्डोव्याच्या इब्न रुश्दने भाष्य लिहिलं. बाजाराने ते सगळं बहुधा न वाचताच पचवलं.

आधी पत पाहू. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या. २०१४ मध्ये त्यातल्या काही उकरून काढल्या गेल्या! 'व्हिडिओ गेम' म्हटलं की दुकानदार पाठ फिरवत. अशा वेळी, १९८५ मध्ये, जपानची निन्टेन्डो न्यूयॉर्कमध्ये उतरली. तिने यंत्राला 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटलं आणि सोबत रॉब नावाचा यंत्रमानव दिला. खेळण्यांच्या दुकानात शिरायचा तो परवानाच. रॉबच्या कामाचे खेळ निघाले जेमतेम दोन. खोक्यावर दर्जाची मोहोर असे, तिचा अर्थ मात्र 'कंपनीची मान्यता आहे' एवढाच. खेळ चांगला निघेल याची हमी त्यात नव्हती.

मग सेगा आली. १९९० ची तिची घोषणा होती, 'जेनेसिस डझ व्हॉट निन्टेन्डोन्ट'. प्रतिस्पर्ध्याच्या नावालाच 'डोन्ट' चिकटवला. निन्टेन्डोला जमत नाही ते आम्ही करतो! शब्दांचा खेळ म्हणून मी याला पैकीच्या पैकी गुण देईन. पुढे 'ब्लास्ट प्रोसेसिंग' हा शब्द आला. इथे युक्तिवादाचा नुसता पेहराव आहे. जेनेसिसचा प्रोसेसर ७.६ मेगाहर्ट्झचा, सुपर निन्टेन्डोचा ३.५८ चा. आकडे खरे, पण दोन वेगळ्या जातींचे प्रोसेसर नुसत्या आकड्यांनी तोलता येत नाहीत. शिवाय पडद्यावर एका वेळी जेनेसिस साधारण ६४ रंग दाखवी, सुपर निन्टेन्डो २५६. रंगांबद्दल जाहिरात गप्प. दहा-बारा वर्षांच्या पोराने हे ताडायचं कसं? त्याला एवढंच कळे की जुनं यंत्र घरात असणं म्हणजे मित्रांत हसं.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये खेळांतल्या हिंसेवर सुनावणी झाली. सेगा आणि निन्टेन्डो तिथेही एकमेकांवर तुटून पडल्या. १९९४ पासून खोक्यावर वयोगटाचं चिन्ह आलं.

भावनेची वाट मला सर्वांत अवघड वाटते. २००६ ची 'गिअर्स ऑफ वॉर'ची जाहिरात पाहा. उद्ध्वस्त शहरात एकटा सैनिक, आणि मागे 'मॅड वर्ल्ड' हे संथ, उदास गाणं. खेळ प्रत्यक्षात बंदुकांचा, करवतीने शत्रू चिरण्याचा. जाहिरातीत त्या करवतीचा आवाज कुठेच नाही.