नवगिरे, किरण प्रभू

(१८ सप्टेंबर १९९४– ). महाराष्ट्रातील व्यावसायिक महिला क्रिकेटपटू व वीस षटकांच्या (टी-ट्वेंटी) क्रिकेटमधील आक्रमक फलंदाज. नीरा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील बारामती–इंदापूर परिसरास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील मिरे या गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या वाट्यास आलेले आंतरराष्ट्रीय सामने मोजकेच असून ते सर्व २०२२ या एका वर्षातील आहेत. देशांतर्गत क्रिकेटमधील त्यांचे विक्रम मात्र जागतिक पातळीवर नोंदले गेले आहेत. या दोहोंतील अंतरामुळे त्यांची कारकीर्द भारतातील स्त्रियांच्या व्यावसायिक क्रिकेटच्या इतिहासात अभ्यासनीय ठरते.

ऊसपट्ट्यातील या तालुक्यांत मुलींचे खेळ शाळेच्या मैदानावर खो-खो, कबड्डी व मैदानी शर्यती यांपुरतेच बहुधा मर्यादित असत. क्रिकेट हा मुलांचा खेळ मानला जाई. बारामतीस रणजी करंडकाचा सामना (महाराष्ट्र–उत्तराखंड) झाला, तोही २०२० साली. नवगिरे लहानपणी शेतात भावंडांबरोबर क्रिकेट खेळत. परंतु त्यांचे रीतसर क्रीडाशिक्षण भालाफेक, गोळाफेक व धावणे या प्रकारांत झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांतून पुढे आल्यावर, वयाची विशी ओलांडल्यानंतर, त्या कातडी चेंडूच्या क्रिकेटकडे वळल्या. त्यांच्या फटक्यांतील खांद्याचा जोर भालाफेकीतून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

त्यांच्या आधीच्या पिढ्यांची स्थिती वेगळी होती. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली व स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यास भरली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश हे तीनच संघ होते. पहिली कसोटी मालिका १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध खेळली गेली. पुण्याच्या लेगस्पिन गोलंदाज शुभांगी कुलकर्णी याच मालिकेतून पुढे आल्या. त्या काळी खेळाडू रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करीत, वसतिगृहांत राहत आणि पुष्कळदा स्वतःच्या पदरचे पैसे घालीत. हा खेळ २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या कक्षेत आला. वार्षिक करार २०१५ मध्ये सुरू झाले व सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. खेळाडूंचे क्षेत्रही पुण्या-मुंबईपलीकडे विस्तारले. कोल्हापूरच्या अनुजा पाटील व सांगलीच्या स्मृती मानधना ही त्याची ठळक उदाहरणे होत.

नवगिरे प्रथम महाराष्ट्राकडून खेळल्या. परंतु त्यांना नाव मिळाले ते दूरच्या नागालँडकडून. ईशान्येकडील राज्यांचे संघ २०१८–१९ पासून राष्ट्रीय स्पर्धांत आले व बाहेरच्या काही खेळाडूंना त्यांत स्थान मिळू लागले. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध त्यांनी ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. त्यांत १६ षटकार होते. वीस षटकांच्या सामन्यात १५० धावांचा टप्पा ओलांडणारी ही, पुरुष वा स्त्री, कोणाही भारतीयाची पहिलीच खेळी होय. त्या स्पर्धेत त्यांच्या ५२५ धावा झाल्या. प्रतिपक्षाची गोलंदाजी दुबळी होती, हे खरे. म्हणून या आकड्यांकडे काहीशा सावधपणे पाहणे इष्ट. तथापि पुढच्याच महिन्यात पुण्याजवळील गहुंजे येथे, आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा भरणा असलेल्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत, त्यांनी व्हेलॉसिटी संघाकडून ३४ चेंडूंत ६९ धावा काढून या शंकेचे बऱ्याच अंशी निरसन केले. सामना त्या संघाने गमावला. पण धावगतीच्या बळावर तो अंतिम फेरीत गेला.

१० सप्टेंबर २०२२ रोजी चेस्टर-ली-स्ट्रीट येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. नागालँडच्या संघातून भारतीय संघात आलेल्या त्या पहिल्या क्रिकेटपटू. हा सामना इंग्लंडने ९ गडी राखून जिंकला. ऑक्टोबरमध्ये सिल्हेट (बांगला देश) येथे आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय चमूतही त्यांचा समावेश होता. पदार्पणात त्यांना मधल्या फळीत खेळविले गेले. डावाच्या आरंभी क्षेत्ररक्षकांवरील निर्बंधांचा लाभ घेऊन उंच फटके मारणे हे त्यांचे बलस्थान. ते या जागी उपयोगी पडले नाही. एवढ्या थोड्या संधींवरून त्यांच्या योग्यतेचा निर्णय करणे न्याय्य नव्हे.

पूर्वी अशा खेळाडूची कारकीर्द येथेच मिटली असती. तसे झाले नाही, याचे कारण महिला प्रीमियर लीग. या स्पर्धेचे पाच संघ जानेवारी २०२३ मध्ये सु. ४,६७० कोटी रुपयांस विकले गेले. लिलावात मानधना यांना ३ कोटी ४० लाख, तर नवगिरे यांना यूपी वॉरियर्झ संघाने ३० लाख रुपये दिले. ५ मार्च २०२३ रोजी गुजरात जायंट्सविरुद्ध ५३ धावा काढताना त्यांच्या बॅटवर कोणा जाहिरातदाराचे नाव नव्हते. महेंद्रसिंग धोनीची आद्याक्षरे व ०७ हा त्याचा क्रमांक हाताने लिहिलेला होता. २०२४ मध्ये बंगळूरू येथे मुंबई इंडियन्सविरुद्ध ३१ चेंडूंतील त्यांच्या ५७ धावांमुळे संघाला विजय मिळाला. या वेळी त्या सलामीस खेळल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूर येथे महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध त्यांनी ३४ चेंडूंत शतक पूर्ण करून ३५ चेंडूंत नाबाद १०६ धावा काढल्या (१४ चौकार, ७ षटकार). न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइन यांचा २०२१ मधील ३६ चेंडूंचा विक्रम त्यामुळे मागे पडला व स्त्रियांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमधील सर्वांत जलद शतक नवगिरे यांच्या नावे नोंदले गेले. त्याच सुमारास भारतात स्त्रियांची एकदिवसीय विश्वचषक स्पर्धा चालू होती. नवगिरे यांच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यास तेव्हा तीन वर्षे झाली होती.