रहस्यकथेंतील केक

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. सूनबाई रविवारचा केक करीत होती, आणि मी बाहेरच्या खोलींत अगाथा ख्रिस्तीची एक कादंबरी वाचीत बसलों होतों. मीं तिला हांक मारून म्हटलें, "या पुस्तकांत एका चॉकलेटच्या केकचें फार खमंग वर्णन आहे, आज तसाच कर." केकचें नांव काय, असें तिनें विचारलें. मीं सांगितलें, 'डिलिशस डेथ', म्हणजे स्वादिष्ट मृत्यु! हातांतला चमचा तसाच धरून ती दारांत आली आणि म्हणाली, "बाबा, ज्या पुस्तकांत माणसें खाण्यांत विष घालतात, तें वाचतां वाचतां तुम्हांला खाणें गोड कसें लागतें?"

प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो कांहीं दिवस पुरला. कारण हा विचित्र प्रघात माझा एकट्याचा नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत पाकक्रियेभोंवतीं रचलेल्या सौम्य रहस्यकथांचें एक दालनच आहे. वाचक अशी कादंबरी हातीं घेतात आणि तींतलाच एखादा पदार्थ घरीं भाजून चहाबरोबर खातात. विष आणि फराळ यांची ही सोयरीक जमली कशी? तें पाहण्यासाठीं आपणांस एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत शिरलें पाहिजे; आणि तेथें प्रथम दिसतें तें मुळींच सौम्य नाहीं.

त्या काळीं सोमल ही इंग्लंडांत घरोघरची वस्तु होती. उंदीर मारण्यासाठीं ती स्वस्तांत मिळे. रंगानें पिठासारखी पांढरी, आणि चवीला जवळजवळ कांहींच नाहीं. 1836 सालीं जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञानें शरीरांतील सोमल ओळखण्याची कसोटी प्रसिद्ध केली. 1851 मध्यें कायदा झाला कीं, विकणारानें विकलेल्या सोमलाची वहींत नोंद ठेवावी आणि त्यांत काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे तो साखर किंवा पीठ म्हणून कोणाच्या पोटांत जाणार नाहीं. तरीहि 1858 सालीं ब्रॅडफर्ड शहरांत अनर्थ झालाच. साखर महाग म्हणून पेपरमिंटच्या गोळ्यांत स्वस्त पांढऱ्या भुकटीची भेसळ करण्याची तेथें चाल होती. औषधविक्याच्या मदतनिसानें चुकीच्या पिंपांत हात घातला आणि भुकटीऐवजीं बारा रत्तल सोमल मोजून दिला. बाजारांत त्या गोळ्या खाऊन सुमारें वीस माणसें दगावलीं आणि दोनशेंहून अधिक आजारी पडलीं. कोणाच्याहि मनांत कोणाचें वाईट करावयाचें नव्हतें. चार पैसे वांचवावयाचे होते, इतकेंच.

ब्रायटनची गोष्ट याहून निराळी. क्रिस्तियाना एडमंड्स ही तेथील एक प्रतिष्ठित अविवाहित स्त्री. एका डॉक्टरावर तिचें मन जडलें होतें, आणि 1870 मध्यें तिनें त्या डॉक्टरच्या पत्नीला चॉकलेट दिलें. तिला तें खाऊन त्रास झाला आणि संशय एडमंड्सवर आला. तेव्हां दोष मिठाईवाल्याचा आहे असें दाखविण्यासाठीं तिनें एक भयंकर युक्ति काढली. मांजरें मारावयाचीं आहेत असें सांगून स्ट्रिकनाइन, म्हणजे कुचल्याचें सत्त्व, मिळवावयाचें. दुकानांतून चॉकलेटें मागवून त्यांत तें घालावयाचें. आणि पोरांच्या हातून तीं चॉकलेटें पुन्हा दुकानांत परत धाडावयाचीं! 12 जून 1871 रोजीं चार वर्षांचा सिडनी बार्कर हा मुलगा, मामानें कौतुकानें आणलेलें चॉकलेट खाऊन मरण पावला. 1872 मध्यें लंडनच्या न्यायालयानें एडमंड्सला फांशीची शिक्षा दिली. पुढें ती वेडी ठरून शिक्षा रद्द झाली, आणि 1907 मध्यें ती वेड्यांच्या इस्पितळांतच वारली.

या खटल्यांत सरकारतर्फे उभे राहिलेले मुख्य वकील होते सार्जंट बॅलंटाइन. हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नसेल. तीनच वर्षांनीं हे गृहस्थ बडोद्यास आले, ते मल्हारराव गायकवाडांचा बचाव करण्यासाठीं! 9 नोव्हेंबर 1874 रोजीं रेसिडेंट कर्नल फेयर यांनीं सकाळीं फिरून आल्यावर नेहमींप्रमाणें पपनसाचा रस घेतला. दोन घोटांतच त्यांना कसेंसेंच वाटलें म्हणून त्यांनीं तो टाकून दिला, तों पेल्याच्या तळाशीं गाळ दिसला. त्या गाळांत सोमल आणि हिऱ्याची पूड सांपडल्याचें तपासांत सांगण्यांत आलें. चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळांत तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत जयपूरचे महाराज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे हे होते. इंग्रज सभासदांनीं महाराजांना दोषी मानलें. हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असें वाटलें नाहीं. मत असें दुभंगल्यावर सरकारनें एप्रिल 1875 मध्यें गैरकारभाराचें कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलें. ब्रायटनच्या चॉकलेटांत विष कोणी घातलें हें सिद्ध करणारा वकील बडोद्याच्या पेल्यांतलें विष महाराजांनीं घातलें नाहीं हें सांगण्यास उभा राहावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकारानें रचला असता तर आपण त्याला हंसलों असतों.

आतां चहाच्या मेजाकडे वळूं. वेल्सच्या सरहद्दीवर हे नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें हर्बर्ट आर्मस्ट्राँग हा सॉलिसिटर राहात असे. समोरच ऑस्वाल्ड मार्टिन या दुसऱ्या सॉलिसिटराची कचेरी होती. दोघांत एका जमिनीच्या व्यवहारावरून तेढ आलेली. ऑक्टोबर 1921 मध्यें आर्मस्ट्राँगनें मार्टिनला चहाला बोलावलें, आणि हातानें देतों याबद्दल क्षमा असावी असें म्हणून लोणी लावलेला एक स्कोन, म्हणजे लहानसा गोड पाव, त्याच्या पुढें केला. त्या रात्रीं मार्टिनला भयंकर ओकाऱ्या सुरू झाल्या. त्याचे सासरे गांवांतले औषधविक्रे. आर्मस्ट्राँग आपल्याकडून वारंवार सोमल नेतो हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं डॉक्टरांजवळ संशय बोलून दाखविला, तपास गुपचूप सुरू झाला, आणि या मधल्या आठवड्यांत जें घडलें तें मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत भेसूर वाटतें. आर्मस्ट्राँग मार्टिनला पुन्हां पुन्हां चहाला बोलावीत होता. आणि पोलिसांनीं त्याला संशय येऊं देऊं नका असें बजावल्यामुळें मार्टिन रोज नवी सबब शोधीत होता. शेजाऱ्याचें निमंत्रण सभ्यपणानें किती वेळां नाकारतां येतें? वर्षाच्या अखेरच्या दिवशीं आर्मस्ट्राँगला अटक झाली. फेब्रुवारींत वारलेल्या त्याच्या पत्नीचें प्रेत उकरून तपासतां त्यांत सोमल सांपडला. बागेंतलें तण मारण्यासाठीं सोमल घेतला, हा त्याचा बचाव टिकला नाहीं, आणि मे 1922 मध्यें तो फांशीं गेला.

अशा खऱ्या घटना वर्तमानपत्रांतून वाचीत जी पिढी वाढली, तिनेंच इंग्रजी रहस्यकथेचा भरभराटीचा काळ घडविला. अँटनी बर्कली यानें 1929 मध्यें विषारी चॉकलेटांच्या पेटीवर कादंबरी लिहिली. अगाथा ख्रिस्तीला तर विषांचें ज्ञान पुस्तकांतून मिळवावें लागलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत ती टॉर्के येथील इस्पितळाच्या औषधशाळेंत काम करीत होती, आणि त्या विषयाची परीक्षाहि ती उत्तीर्ण झाली होती. 1920 सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या कादंबरींत स्ट्रिकनाइनचा असा उपयोग आहे कीं, औषधविक्यांच्या नियतकालिकानेंहि तिची तारीफ केली. याच काळांत टॉर्केला बेल्जियमचे निर्वासित येऊन राहिले होते. त्यांना पाहून तिनें आपला गुप्तहेर पॉयरो बेल्जियन निर्वासित केला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; निर्वासितांचा विषय पुढें पुन्हां यावयाचा आहे.

'स्वादिष्ट मृत्यु' हा केक ज्या कादंबरींत आहे, ती 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' जून 1950 मध्यें प्रसिद्ध झाली. एका खेड्याच्या वर्तमानपत्रांत जाहिरात येते कीं, शुक्रवारीं सायंकाळीं साडेसहा वाजतां अमुक घरीं खून होणार आहे. आणि शेजारीपाजारी करमणूक समजून तेथें जमतात. पुढचें कथानक मी सांगणार नाहीं. केकबद्दल मात्र सांगितलें पाहिजे. घरांतल्या एका वृद्ध बाईच्या वाढदिवसासाठीं मिट्झी नांवाच्या स्वयंपाकिणीला तो करावयास सांगतात. ती म्हणते, लोणी, चॉकलेट, साखर, मनुका नसतील तर केक होणार नाहीं. तेव्हां घरची मालकीण अमेरिकेहून कोणी पाठविलेला लोण्याचा डबा काढते, नाताळासाठीं जपून ठेवलेल्या मनुका देते, शिवाय चॉकलेटची वडी आणि रत्तलभर साखर.

आज हा उतारा वाचतांना आपण सहज पुढें जातों. 1950 च्या इंग्रज वाचकाला मात्र येथें थांबून आवंढा गिळावा लागला असेल. इंग्लंडांत जानेवारी 1940 पासून लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळत. पुष्कळ वर्षें मोठ्या माणसाला आठवड्याला साधारणपणें आठ औंस साखर, दोन औंस लोणी आणि एक अंडें मिळे. युद्ध संपून पांच वर्षें झालीं तरी साखरेचें नियंत्रण उठलें नव्हतें. तें उठावयास सप्टेंबर 1953 उजाडला, आणि सारी शिधावाटप पद्धति जुलै 1954 मध्यें संपली. म्हणजे त्या केकांत घातलेली रत्तलभर साखर ही एका माणसाची दोन आठवड्यांची साखर होती! कादंबरींतलें सारें गांव एकमेकांना चोरून भाज्या-लोण्याची अदलाबदल करतें, पोलिसांना तें ठाऊक असतें, आणि ते काणाडोळा करतात. शिधापत्रिकेचा दुसराहि एक परिणाम ख्रिस्तीनें हेरला आहे. पूर्वीं खेड्यांत कोण कोणाचा कोण, हें सर्वांना माहीत असे. आतां परकीं माणसें येऊन राहतात, त्यांच्याजवळ पत्रिका असते, आणि पत्रिकेवरचें नांव हीच त्यांची ओळख. तें नांव खरें कशावरून? कादंबरीचें सारें रहस्य या प्रश्नाभोंवतीं फिरतें.

आणि मिट्झी? ती मध्य युरोपांतून आलेली निर्वासित. तिच्या आप्तांची कत्तल झाली आहे; ती भित्री आहे, खोटें बोलते, आरडाओरड करते. घरांतलीं माणसें तिला हंसतात. केकला तें अभद्र नांवहि घरांतला एक तरुण थट्टेनेंच देतो. स्पष्ट सांगावयाचें तर लेखिकाहि तिला हंसते, आणि तें हंसणें मला बोंचतें. पॉयरोला तिनें जो मान दिला, तो या बाईला दिला नाहीं. तरी शेवटीं न्याय होतो: खुन्याला पकडण्यासाठीं जिवावरचें धाडस करते ती मिट्झीच. स्वयंपाकीण परकी म्हणून तिच्यावर प्रथम संशय, हा समाजाचा जुना रोग आहे. बडोद्यांतहि पहिली धरपकड नोकरांचीच झाली होती. आणि केक? श्रोतेहो, केक अगदीं निर्दोष आहे. त्या मेजवानीनंतर मृत्यु येतो खरा, पण तो केकमधून येत नाहीं.

पुढच्या पिढीनें हा धागा उचलला. व्हर्जिनिया रिच हिनें 1982 मध्यें पाकशाळेंतील खुनांवर कादंबरी लिहिली. डायान मॉट डेव्हिडसन हिची मेजवान्या पुरविणारी नायिका 1990 मध्यें आली. 2000 मध्यें जोअॅन फ्लूक हिनें बेकरीवालीला गुप्तहेर केलें. या लेखिकांच्या पुस्तकांत पदार्थांच्या कृतीच छापलेल्या असतात. वाचकानें तो पदार्थ घरीं करावयाचा म्हटल्यावर त्यांत विष असून कसें चालेल? म्हणून खून दुसरीकडे होतो आणि केक सुरक्षित राहतो. ख्रिस्तीच्या कादंबरींत मात्र कृति नव्हती. ती 2010 सालीं, तिच्या जन्माला 120 वर्षें झालीं त्या प्रसंगीं, जेन अॅशर यांनीं तयार केली.

हें सारें मीं सूनबाईला सांगितलें तेव्हां ती साखर तोलीत होती. माझ्या आईच्या वेळीं नानकटाई करावयाची म्हणजे शेगडीवर पातेलें, पातेल्यांत वाळू आणि झांकणावर निखारे, असा थाट असे. गोव्यांतल्या बेबिंकेला वरून निखाऱ्यांची आंच देतात तसाच. आमच्याकडे अद्याप भट्टी नाहीं. सूनबाई कुकरची शिट्टी काढून, तळाशीं मीठ पसरून त्यावर डबा ठेवते. तिनें कांट्याकडे पाहून हिशेब केला: अंडीं चार, म्हणजे एका माणसाचा महिना, लोणी अर्धा रत्तल, म्हणजे आणखी एक महिना. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "एवढें कोणासाठीं काढून दिलें हो त्या बाईनें?"

मीं उत्तर दिलें नाहीं. त्यांतच कादंबरीची मेख आहे. तासाभरानें केक झाला. वरच्या चॉकलेटच्या थरांत मनुका जरा खालीं बसल्या होत्या, पण चव उत्तम होती. सूनबाईनें आपला तुकडा बशींत घेतला, माझ्या हातांतलें पुस्तक काढून घेतलें आणि पहिल्या पानापासून वाचावयास बसली.