पेटंट अभिकर्ता : शैक्षणिक पात्रता

शोधकाच्या वतीने पेटंट कार्यालयात अर्ज दाखल करणाऱ्या, विनिर्देश तयार करणाऱ्या व नियंत्रकापुढे काम चालविणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकास पेटंट अभिकर्ता म्हणतात. शोधाचे वर्णन आणि त्यावर सांगितलेला हक्क या दोन्ही गोष्टी विनिर्देशात असतात. तो सैल लिहिला गेल्यास चांगल्या शोधालाही पुरेसे संरक्षण मिळत नाही. या कामास तंत्रविद्येचे ज्ञान लागते, तसेच कायद्याचेही. यांपैकी कशास प्राधान्य द्यावे, हा भारतातील पात्रतेच्या इतिहासातील मुख्य वादविषय होय.

पेटंट अधिनियम, १९७० हा २० एप्रिल १९७२ रोजी अंमलात आला. तथापि अभिकर्त्यांविषयीची कलमे (१२५ ते १३२) १ एप्रिल १९७८ पासून लागू झाली. कलम १२६ नुसार अर्जदार भारतीय नागरिक, २१ वर्षे पूर्ण केलेला व विद्यापीठाचा पदवीधर असणे आवश्यक होते. पदवी कोणत्या विषयाची असावी, याचे बंधन नव्हते. तीशिवाय तो अधिवक्ता तरी असावा किंवा विहित अर्हता परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा. परिणामी इतिहास वा साहित्य या विषयाचा पदवीधर वकील परीक्षेवाचून रासायनिक प्रक्रियेचा विनिर्देश लिहिण्यास कायद्याने पात्र ठरे. १ नोव्हेंबर १९६६ पूर्वीपासून हा व्यवसाय करणाऱ्या व तोपर्यंत किमान पाच पूर्ण विनिर्देश दाखल केलेल्या व्यक्तींना खास सवलत होती.

ही विसंगती २००२ च्या दुरुस्तीने (अंमल २० मे २००३) दूर केली. पदवी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रविद्या यांपैकी एका शाखेची असावी, असे ठरले. परीक्षक किंवा नियंत्रक म्हणून एकूण किमान दहा वर्षे काम करून त्या पदावरून दूर झालेल्यांना परीक्षेतून सूट मिळाली. २००३ च्या नियमांत पेटंटविषयक कायदा, तसेच विनिर्देशांचे लेखन व अर्थनिर्णयन अशा दोन लेखी प्रश्नपत्रिका व तोंडी परीक्षा विहित करण्यात आली.

२००५ च्या दुरुस्तीने अधिवक्त्यांची सूटही काढून घेतली. कलम १३२ प्रमाणे ते पक्षकारातर्फे सुनावणीत भाग घेऊ शकत, परंतु अभिकर्ता म्हणून नोंदणीसाठी त्यांनाही परीक्षा देणे भाग पडले. वकीलवर्गास ही गोष्ट रुचली नाही, हे स्वाभाविकच होते. एस. पी. चोकलिंगम यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही वगळणूक संविधानाच्या अनुच्छेद १४ व १९ शी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविली. विज्ञानशाखीय पदवीची अट मात्र आधीच्या दुरुस्तीतील असल्याने ती या निर्णयाने गेली नाही. कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीधरास, तो कायद्यात कितीही निष्णात असला, तरी केवळ त्या पदवीच्या बळावर परीक्षेस बसता येत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वकिलांनाही सूट नाही. तेथे अभिकर्त्यास कायद्याची पदवी लागत नाही. उलट वकिलासही तंत्रविषयक पात्रता सिद्ध करून पेटंट कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते. मान्य विषयातील पदवी, विज्ञान विषयांचा ठराविक अभ्यास किंवा अभियांत्रिकीची मूलभूत परीक्षा यांपैकी एका मार्गाने ही पात्रता दाखविता येते. जानेवारी २०२४ पासून केवळ अभिकल्प पेटंटांचे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी तेथे स्वतंत्र वर्ग करण्यात आला असून त्यासाठी औद्योगिक अभिकल्प, वास्तुकला यांसारख्या विषयांच्या पदव्याही ग्राह्य धरल्या जातात.