निफाडचे रानडे, फुल्यांचा इशारा आणि आपल्या पोरांचे पुस्तक



स्मरणिका समितीने आम्हाला इतिहासावर चार शब्द लिहायला सांगितले. आम्ही साखर कारखान्यात मिलवर पाळी करणारी माणसे. शाळा लवकर सुटली, वाचन झाले ते रात्रपाळी उतरल्यावर. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून होणार नाही. पण शाळेत इतिहास काय शिकवायचा आणि अर्थशास्त्र कोणाच्या बाजूने शिकवायचे, यावर दर दोन-चार वर्षांनी पेपरात जो गदारोळ होतो, त्याची मुळे आपल्या निफाडपर्यंत येतात, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. ते सांगावे म्हणून लिहितो.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेले, पुढे शिक्षणाला ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात आले. तिथे त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी केली आणि इंग्रजी राज्याला उणे ठरवले. प्रिन्सिपॉल होते अलेक्झांडर ग्रँट. त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे चरित्रकार नोंदवतात. म्हणजे बघा, इतिहासाच्या पेपरात मनातले लिहिले म्हणून पोराच्या पोटावर पाय, हा प्रकार आजचा नाही.

पुढे याच रानड्यांनी दोन्ही विषयांत पाठ्यपुस्तकी मताला टक्कर दिली. कॉलेजात इंग्लंडचे अर्थशास्त्र देववाणीसारखे शिकवत. सरकारने उद्योगात हात घालू नये, बाजार आपोआप सगळे जुळवतो. रानडे १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात म्हणाले, की हे नियम सर्व देशांना आणि सर्व काळाला लागू नाहीत. इथे सरकारने उद्योगधंद्याला उभे केले पाहिजे. इतिहासाचेही तसेच. ग्रँट डफने मराठ्यांचा उदय सह्याद्रीच्या रानात पेटलेल्या वणव्यासारखा अचानक झालेला दाखवला. रानड्यांनी १९०० साली इंग्रजीत ग्रंथ लिहून सांगितले, की वणवा वगैरे काही नाही, संतांनी आधी जमीन तयार केली होती.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, आपल्या विहारात रानड्यांचे कौतुक कशाला? थांबा, गोष्ट इथेच रंगते.

महात्मा फुले आणि रानडे एकाच पुण्यात होते. १८७५ साली दयानंदांच्या मिरवणुकीवर सनातन्यांचा दंगा होणार असे दिसताच जोतीराव आपली माणसे घेऊन सुधारकांच्या मदतीला गेले. पण पुस्तक आणि पैसा हे दोन विषय निघाले की जोतीरावांनी भीडभाड ठेवली नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण रानड्यांकडून आले, तेव्हा त्यांनी पत्राने साफ नकार दिला. जे लोक सर्व माणसांना माणुसकीचे हक्क उघडपणे देत नाहीत त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा मतलब. त्याच वर्षी ‘इशारा’ ही पुस्तिका निघाली. शेतकऱ्याची स्थिती आधीपेक्षा सुधारली आहे असे रानड्यांचे म्हणणे पडले होते. जोतीरावांनी विचारले, कोणाची सुधारली आणि कोणी मोजली? आमच्या मते महाराष्ट्रात अर्थशास्त्राचा खरा वाद इथे सुरू होतो. विद्वान सरासरी बघतो, आणि ज्याच्या घरात दाणा नाही त्याचे घर सरासरीत बुडून जाते.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सारा भरतो कुणबी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा हिशोब. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी. शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी नेमके सांगितले: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. आज अभ्यासक्रम म्हणतात तो हाच. आणि तो मागणारा माणूस कोणत्या कमिटीवर नेमलेला नव्हता.

मुलींच्या बाबतीत मात्र रानड्यांचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, त्यात त्यांचा पुढाकार. टिळकांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना इतके इंग्रजी, इतके तास कशाला, घरकामाचे शिकवा. असो.

आता बाबासाहेब. १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या जयंतीला, पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये त्यांनी भाषण केले. ‘रानडे, गांधी आणि जीना’ या नावाने ते पुस्तक झाले. ज्या निफाडच्या माणसाशी जोतीरावांनी भांडण मांडले, त्याच माणसाला जोतीरावांना गुरू मानणारे बाबासाहेब मोठा म्हणतात, आणि त्याच भाषणात व्यक्तिपूजेवर कडक टीका करतात. संतांबद्दल मात्र त्यांचे मत रानड्यांहून वेगळे होते. संतांनी देवापुढची समता सांगितली, पण जातीविरुद्ध मोहीम काढली नाही, हे ते १९३६ सालीच लिहून मोकळे झाले होते. मान द्यायचा आणि मत खोडायचे, दोन्ही एकदम. आम्हाला हे जमत नाही. आम्ही एकतर फोटोला हार घालतो नाहीतर पुतळ्यावरून भांडतो.

ही रीत २०१२ साली कामी आली असती. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या एन.सी.ई.आर.टी. पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. राज्यघटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक घेऊन. ११ मे २०१२ ला संसदेत गोंधळ झाला, मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. चित्र बघून आपल्या माणसाच्या काळजाला लागले, ते खोटे नव्हते. चाबूक म्हटला की आपल्याला दुसरेच आठवते. पण त्या धड्यात घटनेला जवळजवळ तीन वर्षे का लागली याचे कारण समजावले होते. चित्राचे उत्तर मजकुरातच होते. ते न वाचता टेबल-खुर्च्या मोडल्या. पुढे सुखदेव थोरात समितीने कित्येक चित्रे काढायला सांगितली, आणि समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळे मत नोंदवले. आमचे मत तेव्हाही हेच होते, की चित्रावर चर्चा घडवा, वाटल्यास काढा, पण मास्तराच्या खोलीत काठी घेऊन जाऊ नका. कारण काठीचा रस्ता उघडला की त्यावरून पहिल्यांदा आपलाच धडा बाहेर जातो.

आणि तसेच झाले. २०२२ साली एन.सी.ई.आर.टी.ने अभ्यासाचे ओझे कमी करतो म्हणून काटछाट केली. सहावीत वर्णव्यवस्थेचा भाग कमी झाला, दहावीतून लोकचळवळींचा धडा गेला, मुघलांची पाने गेली. तेव्हा काठी घेऊन कोणी गेले नाही. जून २०२३ मध्ये त्याच पळशीकर आणि यादवांनी, ही पुस्तके आता आमची राहिली नाहीत, आमची नावे काढा, असे कळवले. आपल्या राज्यात २०१७ साली सातवीच्या इतिहासात मुघल आक्रसले आणि मराठेशाही मध्यावर आली. नववीत आणीबाणी आणि बोफोर्स आले. २०२५ साली राज्याच्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणायचे ठरले, तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास राहील का, ही ओरड झाली. ओरड रास्तच. पण महाराष्ट्राचा इतिहास म्हणजे फक्त किल्ले आणि लढाया का? २ मार्च १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, शेजारच्या येवल्यातली १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा, दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, यांत तर इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच ताटात वाढलेले आहे.

बाबासाहेबांना सगळे घटनाकार म्हणतात. पोराला विचारा, ते सिडनहॅम कॉलेजात कोणता विषय शिकवत होते? अर्थशास्त्र. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तुकडे जोडून गरिबी जाणार नाही, जमिनीवर जास्तीची माणसे आहेत, त्यांना काम द्यायला कारखानदारी वाढवा, हे त्यात आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा. आपले वक्ते स्टेजवरून रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली म्हणतात, ते तेवढे सरळ नाही. त्यांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली, आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बँक १९३५ साली सुरू झाली. एवढे खरे पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

पोरगं वर्गात मागणी-पुरवठ्याचा आलेख काढतं. बाप लासलगावच्या बाजार समितीत गोणी उचलतो, आई द्राक्षबागेत रोजाने जाते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांदा निर्यात बंद केली आणि लिलाव थांबले, तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान पेपरात आले. हमालाची बुडालेली हजेरी कुठल्या आलेखात बसते? हा प्रश्न पोराने मास्तरांना विचारावा. मास्तर रागावणार नाहीत. रागावले तर आम्ही येऊ बोलायला, हात जोडून.

विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही एक कपाट मोकळे केले आहे. ज्यांच्या घरी इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्राची जुनी पुस्तके असतील, मग ती कोणत्याही सालची असोत, त्यांनी रद्दीत न घालता आणून द्यावीत. २०१७ च्या आधीचे सातवीचे पुस्तक कोणाकडे असेल तर जरूर. नवे-जुने शेजारी ठेवून काय गेले आणि काय आले ते दर रविवारी वंदनेनंतर पोरांकडूनच वाचून घ्यायचे आहे.