ड्रिफ्टवूड, फिशटँकसाठी (रत्नागिरी परिसर)

घरगुती फिशटँकमध्ये शोभेसाठी, माशांना आडोसा म्हणून आणि अनुबियास, जावा फर्न, मॉस अशा वनस्पती बांधण्यासाठी ठेवलेले, साल गळून टणक गाभा उरलेले लाकूड. जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (1954–2015) यांच्या निसर्गशैलीच्या टाक्यांमुळे अशा मांडणीची आवड जगभर पसरली.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथील शोभिवंत माशांच्या दुकानांत, तसेच ऑनलाइन, हे लाकूड मिळते. हातात मावणारा तुकडा काहीशे रुपयांना, तर फाटे फुटलेला मोठा तुकडा काही हजारांना जातो. पैसे मुख्यतः आकाराचे पडतात. आफ्रिकेतून येणारे मोपानी लाकूड जड असल्याने चटकन बुडते, म्हणून ते महाग. रत्नागिरीत मागवताना त्यावर वाहतूक चढते, आणि फोटोत पाहिलेलाच तुकडा हाती येईल याची खात्री नसते. त्यामुळे साहजिकच लक्ष किनाऱ्याकडे जाते.

पावसाळ्यात पऱ्ह्यांना हौर आला की सह्याद्रीतली मोडलेली झाडे काजळी, शास्त्री या नद्यांतून खाडीत उतरतात आणि उधाणाच्या भरतीबरोबर किनाऱ्याला लागतात. त्यातले बरेचसे सरपणात जाते. फिशटँकसाठी मात्र हे फुकटचे लाकूड सर्वांत खर्चिक ठरू शकते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते लाकडात खोलवर मुरतात. लाकूड पोखरणाऱ्या शिंपलावर्गीय जिवांनी पाडलेल्या बोगद्यांत मेलेल्या जिवांचे अवशेष आणि वाळू अडकलेली असते. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे चिकटले असतील तर तो तुकडा सोडून द्यावा.

क्षार उतरले की नाही हे नजरेने कळत नाही. लाकूड बादलीत गोड्या पाण्यात बुडवावे, लगेच टीडीएस मीटरने त्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. आकडा चढला असेल तर पाणी बदलावे. दोन दिवसांचे आकडे जवळपास सारखे येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा लागतो. जाड खोडाला त्यात काही आठवडे, कधी महिने जातात.

कायद्याची बाजू फारशी कोणी लक्षात घेत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या 45 व्या कलमानुसार वाहत आलेले, किनाऱ्याला लागलेले किंवा बुडालेले लाकूड, कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारी मालमत्ता मानले जाते. काही प्रकार अधिसूचनेने वगळण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून मोठा ओंडका उचलण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करणे बरे. कांदळवनाला तर हातच लावू नये. कांदळाची कमानदार मुळे टाकीत फार देखणी दिसतील, यात शंका नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला बंदी आहे, आणि त्याच मुळांच्या जाळीत खाडीतल्या माशांची पिल्ले वाढतात. काचेच्या टाकीतल्या माशांसाठी ती तोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय गेवा या खाडीकाठच्या झाडाचा चीक डोळ्यांना घातक असतो.

रत्नागिरीकरासाठी उत्तम स्रोत म्हणजे स्वतःचे किंवा ओळखीच्या माणसाचे परडे. उन्मळून वाळलेल्या पेरूची, चिंचेची किंवा जांभळाची मुळे निवडावीत. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून विहिरीच्या कामात ते पूर्वापार वापरले जाते. हापूसच्या बागांमुळे आंब्याची खोडे सहज मिळतात, पण ते लाकूड मऊ असल्याने लवकर कुजते. काजू आणि बिब्बा चिकामुळे टाळावेत. गेळ आणि रामेठा यांचा वापर डोहातले मासे गुंगवण्यासाठी होत आला आहे, तेव्हा त्यांचे लाकूड टाकीत मुळीच घालू नये. फवारणी झालेल्या बागेतले लाकूडही नको.

ओले लाकूड चालत नाही. नखाने दाबून खळगा पडला तर ते कुजलेले समजावे. साल काढून, ब्रशने घासून तासदोन तास उकळावे आणि बुडेपर्यंत भिजत ठेवावे. टाकीत ठेवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्यावर येणारा पांढरा, बुळबुळीत थर बहुधा निरुपद्रवी असतो. तो घासून काढता येतो. लाकडातल्या टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखे होते आणि त्याचा सामू (पीएच) उतरतो. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, म्हणजे सामू सावरून धरणारे क्षार त्यात कमी असतात. त्यामुळे इथे हा उतार अधिक जाणवतो. टेट्रा, अँजेल यांना असे पाणी मानवते, तर गप्पी आणि मोलीला कठीण पाणी लागते. त्यांच्या टाकीत लाकूड बेतानेच ठेवावे आणि सामू अधूनमधून तपासावा.