बार्शी लाइट आणि आपली कुर्डुवाडी

मंडळाच्या भगिनींनी आग्रह केला म्हणून हे धाडस. शिक्षण सातवीपुरते, चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या स्टेशनाला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत. मोठी लाइन बार्शीला गेलीच नाही, तेव्हा कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फूट रुंदीची धाकटी लाइन टाकली. १८९७ साली गाडी येथून बार्शीला जाऊ लागली. १९०६ साली ती पंढरपुरास पोचली, आणि वारकरी येथे उतरून धाकट्या गाडीत बसू लागले. पुढे १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. १९५४ साली लाइन सरकारची झाली.

मी सून म्हणून आले तेव्हा ती गाडी धावत होती. मामंजी रेल्वेच्या कारखान्यात. भोंगा झाला की सासूबाई तवा चढवीत. आमच्या घराचे घड्याळ तेच. पुढे रूळ रुंद होऊ लागले, तशी घरोघर एकच चिंता, धाकटी गाडी गेल्यावर कारखान्याचे काय? मामंजींना कित्येक दिवस अन्न गोड लागेना. २००८ साली लातूरची लाइनही रुंद झाली. गाडी गेली, पण कारखाना राहिला.

मामंजींचा पितळी डबा माझ्या फळीवर आहे. संक्रांतीला त्यातच तिळगूळ भरते.