लोरेन्झोचं तेल: रिपोर्ट नॉर्मल आला, पण आजार?

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण पहिल्यांदा काय बघतो? आकडा नॉर्मल रेंजमध्ये आहे ना? असला, की सुटलो. आजच्या गोष्टीत एका आईबापाने हा आकडा नॉर्मलवर आणण्यासाठी जिवाचं रान केलं. आकडा खाली आलाही. पण गोष्ट तिथे संपली नाही.

१९८४ साल, अमेरिकेतलं वॉशिंग्टन. ऑगस्टो ओडोने हे वर्ल्ड बँकेतले इटालियन अर्थतज्ज्ञ. त्यांची बायको मिकेला आणि सहाव्या वर्षात असलेला मुलगा लोरेन्झो. चुणचुणीत पोरगं अचानक चिडचिड करायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं, चालताना तोल जायला लागला. निदान झालं ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी, थोडक्यात एएलडी. उपाय नाही, हाताशी साधारण दोन वर्षं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, हेही मिकेलाला तेव्हाच कळलं. त्या बाईवर काय गुदरलं असेल, विचार करा.

आता जरा पेशीच्या आत जाऊया. आपल्या पेशींमध्ये पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. १९५४ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात त्या पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा त्यांचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना हे नाव दिलं बेल्जियमच्या क्रिस्टियन द ड्यूव्ह यांनी. पुढे १९७६ मध्ये द ड्यूव्ह आणि पॉल लाझारो यांनी दाखवलं की या पिशव्या फॅटी ॲसिडचे तुकडे करतात. योगायोग बघा, त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांना एएलडीच्या रुग्णांमध्ये अतिलांब साखळीची फॅटी ॲसिडं साठलेली सापडली. २४-२६ कार्बनची लांबलचक माळ, जी तोडायला पेरॉक्सिझोमच लागतो. या दोन धाग्यांची गाठ बसली १९८४ मध्ये, म्हणजे लोरेन्झोच्या निदानाच्याच वर्षी. इंदरजित सिंग, ह्यूगो मोझर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या आजारात पेरॉक्सिझोममधलं हेच तोडायचं काम अडलेलं असतं.

मग साधा उपाय सुचतो ना? ही ॲसिडं ज्यात आहेत ते खायचंच नाही! आपल्या शेंगदाण्यातही ती थोडी असतात. लोरेन्झोचं असं पथ्य सुरू झालं, पण आकडा उतरेना. कारण शरीर छोट्या साखळ्यांना कार्बन जोडून लांब साखळ्या स्वतःच बनवतं. बाहेरून येणारा माल बंद केला, तरी घरातला कारखाना चालूच!

ओडोने दांपत्य ना डॉक्टर, ना केमिस्ट. तरी दोघं लायब्ररीत ठाण मांडून बसले. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की साखळी लांबवणारं एन्झाइम एकच आहे आणि ते वेगवेगळ्या फॅटी ॲसिडांवर काम करतं. त्याला दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवलं तर? ऑलिव्ह तेलात भरपूर असलेल्या ओलेइक ॲसिडने आकडा साधारण निम्म्यावर आला. पुढचा टप्पा होता एरुसिक ॲसिड, जे मोहरीच्या तेलात असतं. पण एरुसिकमुळे उंदरांच्या हृदयात चरबी साठल्याचे अभ्यास होते, त्यामुळे डॉक्टर कचरत होते. शेवटी इंग्लंडमधले केमिस्ट डॉन सुडाबी यांनी शुद्ध तेल काढून दिलं. चार भाग ओलेइक, एक भाग एरुसिक. आणि काही आठवड्यांत लोरेन्झोचा आकडा नॉर्मल! (हे औषधी मिश्रण आहे हं. मोहरीचं तेल पिऊन काही होत नाही.)

१९९२ मध्ये यावर हॉलीवूडचा सिनेमाही आला. बघून वाटतं, जिंकले! पण लोरेन्झोची वाचा, दृष्टी, हालचाल तोवर गेली होती, ती परत आली नाही. १९९३ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास छापला: रक्त सुधारलं, आजार नाही. मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण एकदा जळायला लागलं की रक्तातला आकडा त्याला विझवू शकत नाही. त्याच वर्षी जीन सापडला आणि कळलं, पेरॉक्सिझोमच्या आत तोडणारी यंत्रणा ठीक आहे. बिघाड आहे तो लांब साखळ्यांना आत घेणाऱ्या दारात.

मग तेल फुकट गेलं का? २००५ मध्ये मोझर यांनी लक्षणं नसलेल्या ८९ मुलांचा अभ्यास मांडला. ज्यांचा आकडा जास्त उतरला, त्यांच्यात आजार सुरू होण्याचा धोका कमी दिसला. तुलनेसाठी तेल न घेणारा गट नव्हता, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही. पण एक दिशा मिळाली: जे करायचं ते लक्षणांच्या आधी. आज अमेरिकेत बाळ जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तात एएलडी तपासतात. आजार पसरण्याआधी कळला, तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटने तो थांबवता येतो.

दोन वर्षं सांगितलेला लोरेन्झो तीस वर्षांचा होऊन २००८ मध्ये गेला. डोळ्यांची उघडझाप आणि बोटांच्या हालचाली, एवढ्यावरच तो बोलायचा. मिकेला २००० मध्येच गेली होती. त्या दोघांना उत्तर चुकीचं मिळालं नव्हतं मंडळी. त्यांच्या पोरासाठी ते उशिरा मिळालं.

तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!